गाडीत जळक्या ऑइलचा वास येतोय? आधी पुसा, मग शोधा

घरची सगळी मंडळी आणि सामान घेऊन एसयूव्ही लांबलचक चढ चढून येते. वर आल्यावर तुम्ही कुठेतरी थांबता आणि दोन मिनिटांत एसीच्या जाळीतून करपट, ओशट वास आत येतो. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "कसला वास येतोय?" गाडी पुन्हा पळायला लागली की वास जातो आणि विषयही तिथेच संपतो. बऱ्याच घरांत हे असं महिनोन्‌महिने चालू असतं.

वास थांबल्यावरच का येतो, हे कळलं की निम्मा शोध सोपा होतो. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरजवळ असते, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला लागूनच. गाडी धावत असताना इंजिनाभोवतीची हवा खालून, मागे निघून जाते. गाडी थांबली की तीच गरम हवा वर चढते आणि थेट त्या जाळीत शिरते. तिथे इंजिनातून पाझरलेला ऑइलचा एखादा थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका वायू सायलेन्सरच्या पाइपकडे नेणाऱ्या लोखंडी भागावर, पडून जळत असेल, तर तो वास सरळ आत येतो. ओझं घेऊन चढ चढताना मॅनिफोल्डचं तापमान ४००-५०० अंश सेल्सिअसवर जाऊ शकतं आणि इंजिन ऑइलमधून पेट घेऊ शकणारी वाफ साधारण २०० अंशांच्या पुढे सुटू लागते. म्हणून वास यायला दोन-चार थेंब पुरतात. वास आला म्हणजे इंजिन संपलं असं मानून घाबरू नका. पण वास आहे त्या अर्थी गरम लोखंडावर ऑइल पडतं आहे, हेही विसरू नका.

या लेखात मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: ऑइल जिथून ठिबकताना दिसतं, तिथूनच ते गळत असेल असं नाही. आमच्या सात सीटांच्या गाडीच्या वेळी हा धडा मिळाला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होते. क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. होकार देण्याआधी मी इंजिन वरून खालपर्यंत पुसून काढलं आणि दोन दिवस गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन पाहिलं, तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून एक बारीक ओली रेघ निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली गेली होती. त्या कव्हरचं एक पॅकिंग (सांधा बंद करणारी रबरी पट्टी) बदललं आणि गळती थांबली. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

लगेच थांबायचं कधी

बॉनेटच्या फटीतून धूर दिसला, डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, किंवा वासाबरोबर कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर पुढचं काही वाचत बसू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. लाल दिवा ऑइलचा दाब पडल्याचा असतो. त्या अवस्थेत थोडं अंतर गेलात तरी बेअरिंगं खराब होऊ शकतात. डोकेदुखीचं कारण वेगळं आणि जास्त घातक असू शकतं. एक्झॉस्टचा सांधा फुटला असेल तर ऑइलच्या वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

धूर निघत असेल तर बॉनेट एकदम उघडू नका. आतल्या धुमसणाऱ्या आगीला अचानक हवा मिळाली की भडका उडतो. गाडीत पावडरचं छोटं अग्निशामक ठेवा, आणि ते डिकीत सामानाखाली पुरून न ठेवता हाताशी ठेवा.

वास ऑइलचाच आहे का?

नाकावर थोडा विश्वास ठेवा. जळकं इंजिन ऑइल कढईत करपलेल्या तेलासारखं, जड आणि घशाला लागणारं असतं. कागद जळल्यासारखा, कोरडा वास चढावर किंवा रिव्हर्स घेताना आला तर क्लच तपासा. उतार उतरल्यावर चाकाजवळ तीव्र वास आला तर ब्रेक तापले असतील. गोडसर वास कूलंटचा. वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा वास वायरिंगचा असतो, आणि त्यासाठी मात्र गाडी चालवत राहू नका. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल किंवा डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल गळत असावं, कारण त्यात गंधकयुक्त रसायनं मिसळलेली असतात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही शक्यता जास्त असते. तिथे ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि पुढचं डिफरन्शियल मिळून गळायला जास्त जागा असतात.

एक सोपी चाचणी आहे. वास येत असताना एसीचं बटण आतली हवा फिरवण्यावर करा. वास हळूहळू विरला तर तो बाहेरून, इंजिनाच्या बाजूने येतो आहे. बटण तसंच ठेवून विषय मिटवू नका, ही फक्त चाचणी आहे.

गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढच्या चाकांची जागा खडूने त्यावर आखा, म्हणजे थेंब गाडीच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळेल. तांबूस तपकिरी ते काळा डाग इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल. निव्वळ पाणी असेल तर ते एसीचं, ते सोडून द्या. पुठ्ठा कोरडा निघाला तरी गळती नाही असं होत नाही. गरम मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल जमिनीपर्यंत पोचतच नाही. शिवाय एसयूव्हीच्या पोटाखाली बरेचदा प्लॅस्टिकचं मोठं संरक्षक कव्हर असतं, ते सगळे थेंब झेलून धरतं.

डिपस्टिक आणि मागची सर्व्हिस

बॉनेट उघडल्यावर आधी ऑइलची पातळी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. डिपस्टिक ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा ओढून बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटरचं अंतर असतं. पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढे हाच आकडा सांगेल की ऑइल किती वेगाने जातं आहे.

पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही कारण असू शकतं. क्रँक त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि ऑइल ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने बाहेर किंवा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, फेकलं जातं. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळे काळ्या रंगावरून निष्कर्ष काढू नका.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा: ऑइल नुकतंच बदललं होतं का? सर्व्हिसनंतर लगेच वास सुरू झाला असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. फिल्टर काढताना ऑइल एक्झॉस्टवर सांडलेलं असतं, किंवा खालच्या संरक्षक कव्हरला आतून चिकटवलेल्या फोमने ते शोषून घेतलेलं असतं. असा वास दिवसागणिक कमी होत जातो. कमी झाला नाही तर तीन जागा तपासा. ऑइल भरायचं झाकण घट्ट आहे का आणि त्याची रबरी रिंग कडक झाली आहे का. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला होता का. आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला गेला, असं तर झालं नाही ना. दोन रिंगा एकावर एक बसल्या की पहिले काही दिवस सगळं ठीक दिसतं, मग दाबाने एक रिंग बाहेर सरकते आणि ऑइल भळाभळा जातं. ही शंका असेल तर गाडी चालवू नका.

पुसणं

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक ते टाळतात आणि नको ते भाग बदलत बसतात. चिकटा आणि धूळ बसलेल्या इंजिनावर गळती शोधता येत नाही. सगळंच ओलं आणि सगळंच काळं दिसतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, चिंध्यांनी पुसा, हलक्या पाण्याने धुवा. जोराच्या पाण्याचा फवारा सॉकेटमध्ये घुसून नवं दुखणं लावतो, तो वापरू नका. खालचं संरक्षक कव्हर काढून तेही धुवा. मॅनिफोल्डवर डिग्रीझरचा ओलावा ठेवू नका. शेवटी सगळं कोरडं करून पिशव्या काढायला विसरू नका.

गाडीखाली शिरणार असाल तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका. एसयूव्ही वजनाने भारी असते आणि जॅक सरकायला क्षण पुरतो. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, चाकांमागे ठोकळे आणि वजन पेलणारे स्टँड, एवढं जमत नसेल तर खालचं काम गॅरेजवर सोडा.

इंजिन कोरडं झालं की संशय असलेल्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर हलकी भुरभुरा. पंखे, बेल्ट आणि हवेच्या पाइपपासून ती लांब ठेवा. मग १५-२० किलोमीटर चालवून या, गाडी थंड होऊ द्या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटते. गळती अगदी बारीक असेल तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्च मिळतो, तो उपयोगी पडतो. खाली वाकता येत नाही तिथे फोनचा कॅमेरा घाला.

ऑइल नेहमी खाली ओघळतं आणि गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून रेघ सापडली की तिच्या शेंड्याकडे जा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच खरी जागा.

नेहमीची ठिकाणं

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. ते इंजिनाच्या माथ्यावर असतं, वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं, आणि त्याच्या खालीच मॅनिफोल्ड असतो. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं तर त्याच कव्हरमधल्या प्लगच्या सील गेल्या आहेत. अशा वेळी इंजिन मिसफायरही करू लागतं.

त्याखाली ऑइल फिल्टरचं हाउसिंग आणि ऑइल कूलरचा सांधा येतो. मग ऑइल प्रेशरचा सेन्सर. तो छोटा असतो, बदलायला सोपा असतो आणि त्यातून झिरपलेलं ऑइल अर्धं इंजिन माखतं. टर्बो असेल तर त्याला ऑइल देणारी आणि परत नेणारी नळी बघा. टर्बोच्या हवेच्या पाइपात आतून हलका तवंग असणं मात्र नेहमीचं आहे, त्यावरून टर्बो बदलायची घाई करू नका. मग टायमिंग कव्हर, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सील, ऑइल चेंबर आणि अगदी शेवटी क्रँकचं मागचं सील.

इंजिनाबाहेरचं एक कारण एसयूव्हीत हमखास विसरलं जातं. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस चहूकडे उडतं आणि एक्झॉस्टच्या पाइपवर बसतं. वास बराचसा ऑइलसारखाच. वळताना कटकट आवाज येत असेल तर आधी तिथेच बघा. एक्झॉस्टला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि बॉनेटखाली राहून गेलेली चिंधी हीही कारणं असतात, आणि ती सापडली तर तुमचा दिवस चांगला आहे.

बाहेर सगळं कोरडं असूनही डिपस्टिकवरची पातळी उतरत असेल तर ऑइल इंजिनाच्या आत जळतं आहे. सायलेन्सरचा धूर कुणाला तरी मागून बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळसर धुराचा लोट सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्हच्या सील. वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. हे घरी दुरुस्त होणारं काम नाही. कॉम्प्रेशनची चाचणी करून घ्या आणि तोवर पातळी दर आठवड्याला बघत राहा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताना

पेट्रोल इंजिनात हे काम नवख्या माणसाला सावकाशीने जमतं. डिझेलमध्ये इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या कव्हरच्या आड येत असतील तर हात लावू नका. त्या नळ्यांतला दाब जीवघेणा असतो.

इंजिन थंडगार हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, जोडताना तेच कामाला येतात. वरचं प्लॅस्टिकचं झाकण, सॉकेट, कॉइल काढा. प्लगच्या खोबणीत ऑइल असेल तर ते आधी चिंधीने टिपून घ्या. प्लग काढायची वेळ आली तर ते ऑइल सिलिंडरमध्ये पडायला नको.

कव्हर उघडण्याआधी त्याच्या कडेची धूळ ब्रशने आणि चिंधीने नीट काढा. ही पायरी गाळली तर ती रेती थेट कॅमवर पडते. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलकं ठोका. पेचकस घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती सुरू होते.

उघड्या भागावर धागे न सुटणारं स्वच्छ कापड अंथरा. जुनं पॅकिंग काढून दोन्ही बाजू प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि क्लीनरने साफ करा. सँडपेपर वापरू नका, त्याची भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते. कव्हर वाकलंय का, त्याला तडा गेलाय का, हे याच वेळी बघा. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर ही शक्यता नेहमी धरावी.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा, प्लगच्या सीलही नव्या घाला. सीलंट सगळीकडे फासायचं नसतं. जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवर, पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच, छोटा ठिपका पुरतो. जास्तीचं सीलंट आत सांडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतं, आणि मग दुखणं पॅकिंगपेक्षा फार मोठं होतं.

कापड काढलं ना, ते पुन्हा बघा. कव्हर ठेवा, सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून सुरुवात करून आलटून पालटून बाहेर या. हे बोल्ट लहान असतात. बऱ्याच गाड्यांत त्यांना फक्त ८ ते १० न्यूटन मीटर इतकंच आवळायचं असतं, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळता येणारा पाना) वापरा. अजून थोडं आवळलं तर गळणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात जादा आवळल्याने पॅकिंग दबून फाटतं आणि कव्हर तडकतं. सीलंटला वाळायला नळीवर लिहिलेला वेळ द्या.

गळती परत येऊ नये म्हणून

नवं पॅकिंग घालूनही काही महिन्यांत पुन्हा गळू लागलं तर ब्रीदरकडे वळा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतो आणि तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो चोंदला की आत दाब साठतो आणि दाब सगळ्यात कमजोर सील शोधतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत, इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायच्या तोंडावर कागद धरला तर तो हलका ओढला जायला हवा. जोराने वर उडत असेल तर व्हॉल्व्ह आणि नळ्या तपासा. डिझेलमध्ये थोडी फुंकर असणं साहजिक आहे. हे बघताना सैल बाह्या, ओढणी, लांब केस बेल्टपासून दूर ठेवा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

गळती थांबवण्याची म्हणून बाटलीतली औषधं मिळतात. काही कडक झालेल्या सीलला थोड्या दिवसांसाठी मऊ करतातही, पण फाटलेलं पॅकिंग त्यांनी सांधत नाही. मी ती वापरत नाही. गळती लपवायला जाड ऑइल भरणंही टाळा. इंजिनाला पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. ऑइल टायमिंग बेल्टवर किंवा रबरी इंजिन माउंटवर पडत असेल तर मात्र चालढकल करू नका. ऑइलने रबर फुगतं, आणि भिजलेला टायमिंग बेल्ट बदलावाच लागतो.

काम गॅरेजमध्ये करून घेत असाल तर पुसलेल्या इंजिनाचे फोटो आणि ओल्या रेघेचे फोटो सोबत न्या. "ऑइल गळतंय, बघा" यापेक्षा "सगळ्यात वरची ओली जागा मला दाखवा" असं म्हणा. चांगला मेकॅनिक आनंदाने टॉर्च धरून दाखवतो. गिअरबॉक्स उतरवायचं बोलणं निघालं तर टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर कोरडा आहे ना, हे आधी तुमच्या डोळ्यांनी बघा.

दुरुस्तीनंतर लगेच वास जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मॅनिफोल्डवर आणि त्याच्या पत्र्याच्या आवरणात मुरलेलं ऑइल जळून जायला काही फेऱ्या लागतात. वास रोज थोडा कमी होतोय ना, एवढं बघा. १०० किलोमीटर झाले की गाडी थंड असताना बॉनेट उघडा, कव्हरच्या चारही कोपऱ्यांवरून आणि मागच्या कडेखालून पांढरा टिश्यू फिरवा, डिपस्टिकचा आकडा जुन्या नोंदीशेजारी लिहा. टिश्यू कोरडा आला तर खालचं संरक्षक कव्हर परत लावा. ओला आला तर ते उघडंच राहू द्या आणि पावडरीचा डबा पुन्हा हातात घ्या.